सूप माळ्यावर टाकू नका

मळणीयंत्र आले, प्रतवारीची यंत्रे आली. आता सूप, चाळण, रोवळी माळ्यावर टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यामागे तीन आक्षेप असतात: हाताने धान्य साफ करायला वेळ फार लागतो, यंत्राइतकी सफाई येत नाही आणि हे कष्ट बायकांच्याच वाट्याला येतात.

पहिला आक्षेप मोठ्या राशीपुरता मान्य. ५० पोती ज्वारी वाऱ्याच्या भरवशावर उफणत बसा, असे कोणी म्हणणार नाही. वारा पडला की काम थांबते आणि अवकाळी पावसाने गाठले तर राशीची माती होते. पण पायलीभर वरई, चार शेर हुलगे, घरच्या बियाण्याची नाचणी यांचे काय? यंत्रात धान्यागणिक जाळी बदलावी लागते, पंख्याचा झोत जुळवावा लागतो. झोत जरा वाढला की वरईचा बारीक दाणा भुसाबरोबर जातो. एवढ्याशा धान्यासाठी हा खटाटोप परवडत नाही.

सफाईचा आक्षेप तर टिकतच नाही. यंत्रातला पंखा हलके-जड वेगळे करतो, जाळी लहान-मोठे. उफणणी आणि चाळण हेच करत आल्या आहेत. दाण्याएवढा खडा मात्र जाळीतून सुटत नाही आणि झोताने उडत नाही. तो काढायला गिरणीत वेगळे यंत्र बसवावे लागते. घरी पाखडून कोंडा गेला की तेच सूप घोळून खडा बाजूला काढता येतो. उरलासुरला खडा तांदूळ रोवळताना तळाशी बसतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. धूळ नाकातोंडात जाते, पाठ भरून येते, हे खरेच आहे. पण हा दोष कामाच्या वाटणीचा आहे. खळ्यावर पाटी उंच धरून पुरुष उफणतात. मग घरातले सूप बाईच्याच हाती का? पुरुषांनी पाखडायला बसावे, नाकाला फडके बांधावे. कष्ट वाटून घेता येतात. त्यासाठी अवजार फेकायची गरज नाही.

सुपाचे खरे मोल बियाण्यात आहे. पोचट, किडका, फुटका, दुसऱ्या वाणाचा दाणा नजरेने आणि बोटांनी निवडला, तरच घरचे वाण टिकते. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. बियाणे निवडणारे हातच उरले नाहीत, तर तो हक्क कागदावरच राहील. म्हणून मोठी रास यंत्राला द्या, बियाणे सुपात घ्या, बुरुडाला सुपाची वाजवी किंमत द्या, आणि पाखडणे-घोळणे मुलींइतकेच मुलांनाही शिकवा.