दुष्काळातली उपकारस्तुती

पाऊस दगा देतो त्या वर्षी चर्चमध्ये कापणीचा सण नको, असं आमच्या छावणी भागात काहीजण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. मागच्या दुष्काळात गावाकडच्या एका मावशींनी वेदीपुढे ठेवायला दोनच लिंबं आणली, सुरकुतलेली. उपासनेनंतरच्या लिलावात त्या लिंबांची बोली शंभरावर गेली. ते पैसे एका आजाऱ्याच्या औषधाला लागले.

वाईट दिवसांतली स्तुती आमच्याकडे नवी नाही. मराठी कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि घरदार दुरावलं. तरी ते ख्रिस्तावर अभंग रचत राहिले. आजही आम्ही ते गातो.

माझंही तसंच. जायकवाडी धरणाचं पाणी आमच्या नळाला काही दिवसांआड येतं. हंडा भरताना मी देवाचे आभार मानते. रोज पाणी मिळावं म्हणून गल्लीने केलेल्या अर्जावर पहिली सहीही माझीच आहे.