नांवातले टिंब

आमच्या अलिबागच्या किनाऱ्यावर नाव म्हणजे होडी, हे कोणाला शिकवावे लागत नाही. पण माणसाचे नाव आणि समुद्रातली नाव हे दोन शब्द एके काळी कागदावर वेगळे दिसत, हे वर्गातल्या मुलांना मला दर वर्षी नव्याने सांगावे लागते. होडीची ती नाव, बिनटिंबाची. माणसाचे ते नांव, टिंबाचे. होडीचा शब्द संस्कृत 'नौ'वरून आला, त्यात 'म' कधीच नव्हता. 'नाम' या शब्दात तो होता. त्या 'म'चा 'व' झाला आणि जाता जाता तो आपला नाकातला सूर मागे ठेवून गेला. तो सूर म्हणजे ते टिंब. 'ग्राम'चे गांव झाले ते याच वाटेने. म्हणून आमच्या शेजारचे नागाव जुन्या कागदांत नागांव असे भेटते.

हे टिंब नुसते वंशावळ सांगण्यापुरते नव्हते, व्याकरणातही ते राबत असे. 'मी जातों' आणि 'तो जातो' यांतला फरक त्याच्यावर. 'घोडी आली' म्हणजे एक घोडी आली. 'घोडीं आलीं' म्हणजे चांगला कळप आला. 'केले' म्हटले की पुल्लिंगी अनेकवचन, 'केलें' म्हटले की नपुंसकलिंगी एकवचन. 'सुवर्णक'चे सोनें झाले, तेव्हा शेवटच्या टिंबात संस्कृतातला नपुंसकलिंगी 'म्'च लपून बसला होता.

गंमत अशी, की हा सूर देशावरच्या शिष्ट बोलण्यातून केव्हाच विरून गेला होता. मोडी लिहिणाऱ्या कारकुनांनी टिंबांची फारशी पर्वा कधी केली नाही. पण छापखाने आले, मोल्सवर्थचा कोश 1831 साली आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 साली निघाले, बाळबोध पुस्तके शाळांत गेली, आणि कानाला न ऐकू येणारे टिंब डोळ्यांनी पाठ करण्याची पाळी पोरांवर आली. 'पांच'वर का, तर मुळात 'पञ्च' आहे म्हणून. 'तूं'वर का, 'नाहीं'वर का, 'कांहीं'वर तर दोन का? पंतोजी छडी दाखवीत आणि प्रश्न मिटे.

रशियन मुलांचेही असेच हाल होत. त्यांच्या लिपीत 'यात्य' नावाचे एक अक्षर होते. त्याचा वेगळा उच्चार लोपून तो साध्या 'ये'त मिसळला, पण अक्षर लिपीत ठाण मांडून बसले. 'आहे' आणि 'खाणे' हे त्यांचे दोन शब्द कानाला एकच, 'येस्त्य'. खाण्याच्या शब्दात मात्र यात्य लिहायचे. आमची नाव आणि नांव, तसेच. मुले अशा शब्दांची यादी तालावर घोकीत. झार पहिला निकोलस याच्या मनात हे अक्षर काढून टाकावे असे आले होते, अशी आख्यायिका आहे. तेव्हा ग्रेच नावाच्या व्याकरणकाराने त्याला सांगितले, की असू द्यावे, शिकलेला कोण आणि अडाणी कोण हे त्यावरून ओळखता येते! झारशाही बुडाल्यावर 1918 साली यात्य गेले. बल्गेरियात ते 1945 पर्यंत टिकले. देश सोडून गेलेल्या रशियनांची वर्तमानपत्रे मात्र पुढेही कित्येक वर्षे ते हट्टाने छापीत राहिली.

आपल्याकडे क्रांती झाली नाही, समिती झाली. 1961 साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले, त्याने लेखनाचे 14 नियम केले आणि 1962 साली सरकारने ते स्वीकारले. उच्चारात नसलेली टिंबे गेली. 1972 साली आणखी 4 नियमांची भर पडली. खरे बोलायचे तर मुलांचा मोठा छळ वाचला, आणि एके ठिकाणी भाषेचा नफाही झाला. पूर्वी एका घरात असो की दहा घरांत, लिहायचे 'घरांत'च. आता अनेकवचनाचे टिंब राहिले, एकवचनाचे गेले, म्हणून 'घरात' आणि 'घरांत' हा भेद नजरेला दिसतो. शिवाय 'केलें'वरून हाकललेले टिंब 'केलं'वर येऊन बसले आहे. तेथे त्याला नाकाशी कर्तव्य नाही. 'अ' लांबवण्याची नवी नोकरी त्याने धरली आहे.

तरी एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. उच्चारात नाही म्हणजे कोणाच्या उच्चारात नाही? गोव्याच्या कोंकणीत 'नांव' आजही नाकातून येते आणि टिंबासकट लिहिले जाते. उलट आमच्या किनाऱ्यावर आगरी-कोळी घरांत 'ळ' नाही आणि 'ण'ही नाही. तेथे डोळ्याला 'डोला' म्हणतात, पाण्याला 'पानी'. त्या घरातले मूल शाळेत येते, तेव्हा 'ळ' त्याच्यासाठी अगदी यात्यच असते. कोणत्या शब्दात तो आणि कोणत्यात 'ल', हे त्याने घोकायचे. चुकले की गुण कापले जातात, आणि ग्रेचसाहेबांचे वाक्य दरवर्षी खरे होते. जवळच्या आक्षीला जुना मराठी शिलालेख आहे. त्याचा शक 934, म्हणजे सन 1012, असा वाचला गेला आहे. त्यात 'श्री' न लिहिता 'स्री' कोरले आहे. राजाचे नाव कोरणाऱ्याला ते चालले.

'ळ' काढून टाका असे माझे म्हणणे नाही. सर्वांना वाचता येईल असे एक लेखन पाहिजेच. पण जुन्या लेखनाला नवा नियम लावण्याची जी खोड लागली आहे, ती मला बिलकूल मान्य नाही. जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत कोठे सांगून, कोठे न सांगता टिंबे झाडून टाकतात. 'मीं' आणि 'मी' एक होतात, लिंग-वचनाचा पुरावा पुसला जातो, आणि वाचकाला पत्ताही लागत नाही.

मागच्या वर्षी एक कोळी विद्यार्थिनी पणजोबांनी सांगून कोणाकडून लिहवून घेतलेले एक पत्र घेऊन आली. सावकाराला मुदत मागितली होती. त्यात वाक्य होते, 'वादळांत जाळीं फाटलीं.' तिने वाचले, जाळी फाटली. एवढ्याशा जाळीसाठी वर्षाची मुदत कशाला मागतात, असे तिला वाटले होते. मी दोन टिंबांवर बोट ठेवले. जाळें एक, जाळीं अनेक. घरातली होती नव्हती ती सगळी गेली होती. ती बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली. मग पत्राची नक्कल करताना टिंबे ठेवायची का, असे तिने विचारले. मी म्हटले, एकही सोडू नकोस.

नक्कल तिने अक्षरशः केली. खाली आजीकडून ऐकलेली हकिकत स्वतःच्या शब्दांत लिहिली होती, तीत पणजोबांच्या 'डोल्यांत पानी' आले होते. मी लाल शाईचे पेन टोपण लावून खिशात ठेवले.