दाखल झाल्याची वेळ

न्यायालयात कागद दाखल होण्याचा क्षण हक्काच्या दृष्टीने निर्णायक असतो, कारण दाव्याची, अपिलाची आणि उत्तराची मुदत पाळली गेली की नाही हे त्याच क्षणावरून ठरते. मुदतीचा कायदा, १९६३ नुसार दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करण्यास ३० दिवस आणि उच्च न्यायालयात अपील करण्यास ९० दिवस मिळतात. मालकीच्या आधारे स्थावर मिळकतीचा ताबा परत मागण्यास १२ वर्षे मिळतात. आणि समन्स बजावले गेल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीने आपली कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेले लेखी उत्तर, सादर करावी अशी दिवाणी प्रक्रिया संहितेची अपेक्षा आहे. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीच्या शेतकऱ्याचा बांधाचा, वहिवाटीचा किंवा वाटपाचा वाद न्यायालयात जातो तेव्हा पहिली पायरी कन्नडला असते, त्यावरची जिल्हा न्यायालयाची आणि त्याहूनही वरची उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाची पायरी छत्रपती संभाजीनगरला असते, आणि पूर्वी या प्रत्येक पायरीवर कागद माणसाच्या हातानेच, कचेरीच्या वेळेतच पोहोचवावा लागत असे. ई-फायलिंग, म्हणजे दावा, अर्ज, कैफियत आणि सोबतचे दस्तऐवज इलेक्ट्रॉनिक रूपात न्यायालयाच्या प्रणालीत दाखल करणे, या अंतराचा आणि त्या वेळेचा अडसर दूर करू शकते. तो अडसर खरोखर दूर झाला की नाही हे वकिलाच्या संगणकावरून ठरवता येणार नाही, कारण मुदत चुकल्याचे नुकसान अखेर पक्षकाराचेच असते. म्हणून या व्यवस्थेची परीक्षा देवगावच्या पक्षकाराला स्वतःच्या प्रकरणाची पोच स्वतःच्या हाती मिळते का, या प्रश्नावर व्हायला हवी.

दाखल होण्याच्या वेळेला किती किंमत असते, याचे उदाहरण शेजारच्या जालन्यात घडलेले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी औरंगाबाद खंडपीठात निवडणूक याचिका केली. नामनिर्देशनपत्रे स्वीकारण्याची अखेरची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ वाजेपर्यंत होती आणि खोतकर यांची पत्रे त्यानंतर सादर झाली, हा त्या याचिकेतील प्रमुख आक्षेप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात आणि दालनाबाहेर चित्रीकरण झालेले होते. परंतु त्या चित्रीकरणाच्या प्रती पुरावा म्हणून वाचण्यासाठी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ ब अन्वये जे प्रमाणपत्र लागत असे, म्हणजे ही प्रत अमुक यंत्रावरून अमुक रीतीने निघाली असे जबाबदार व्यक्तीने लिहून द्यावयाचे जे निवेदन असते, ते पुन्हा पुन्हा मागूनही मिळाले नव्हते. खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १४ जुलै २०२० रोजी अपील फेटाळताना असे स्पष्ट केले की मूळ उपकरण न्यायालयापुढे आणलेले नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, मात्र पक्षकाराने ते मिळवण्यासाठी शक्य ते सर्व करूनही संबंधित अधिकारी ते देत नसेल तर त्या पक्षकाराला त्याची शिक्षा भोगावी लागू नये. देशभरच्या न्यायालयांत इलेक्ट्रॉनिक पुराव्याविषयी आज ज्या निर्णयाचा आधार घेतला जातो तो असा मराठवाड्यातील एका टेबलापुढच्या घड्याळाच्या वादातून आलेला आहे, आणि तो वाद सुमारे सहा वर्षे चालला याचे कारण कागद नेमका कधी हाती दिला गेला याची निर्विवाद नोंद त्या टेबलावर नव्हती.

ई-फायलिंगचे सर्वांत मोठे सामर्थ्य हीच नोंद आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४ ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला लेखी कागदाचे कायदेशीर स्थान दिले, कलम ५ ने इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीला मान्यता दिली, आणि त्यामानाने कमी चर्चिल्या गेलेल्या कलम १३ ने असे सांगितले की प्राप्तकर्त्याने एखादे संगणकीय साधन नेमून दिलेले असेल तर अभिलेख त्या साधनात शिरताच तो मिळाला असे समजावे, अर्थात पक्षांमध्ये वेगळे काही ठरलेले नसेल तर. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने उच्च न्यायालयांपुढे ठेवलेल्या आदर्श नियमांचा रोखही असाच आहे: मध्यरात्रीपूर्वी दाखल झालेला कागद त्या दिवशीचा धरावा. संध्याकाळी शेतातून परतलेल्या माणसाला वकिलाशी बोलून त्याच रात्री अपील दाखल करता येणे, ही तालुक्याच्या गावापासून दूर राहणाऱ्यांसाठी साधी सोय नाही, तो त्यांच्या हक्काचा विस्तार आहे. कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाला १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा संपूर्ण कालावधी मुदतीच्या गणनेतून वगळावा लागला, यावरून न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचणे आणि हक्क शाबूत राहणे यांचे नाते किती घट्ट होते हे लक्षात यावे.

प्रत्यक्ष कार्यपद्धती समजण्यास अवघड नाही. वकील बार कौन्सिलच्या नोंदणी क्रमांकाच्या आधारे ई-फायलिंगच्या संकेतस्थळावर खाते उघडतो, न्यायालय व प्रकरणाचा प्रकार निवडतो, पक्षकारांचा तपशील भरतो, पीडीएफ स्वरूपातील दस्तऐवज चढवतो, न्यायालयीन शुल्क ऑनलाइन भरतो आणि आधार क्रमांकाशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवर आलेल्या संकेतांकाने ई-साइन करतो, किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन संगणकाला जोडून स्वाक्षरी करतो. त्यानंतर न्यायालयातील कर्मचारी छाननी करतो, त्रुटी असल्यास हरकत नोंदवतो, आणि हरकतींची पूर्तता झाली की प्रकरणाला सीएनआर क्रमांक मिळतो. राज्य, जिल्हा, न्यायालय, अनुक्रम आणि वर्ष एकत्र गुंफलेला हा १६ अक्षरांकांचा क्रमांक देशात दुसऱ्या कोणत्याही प्रकरणाला नसतो, आणि तो ज्याच्याजवळ आहे त्याला पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झाले ते आणि दिलेला आदेश फुकट पाहता येतो. अमेरिकेतील संघीय न्यायालयांची कागदपत्रे पाहण्यास पेसर या प्रणालीवर पानामागे १० सेंट आकारले जातात. भारताने हे दार विनामूल्य ठेवले, हा निर्णय मनापासून गौरवावा असा आहे. ही सारी यंत्रणा २००७ मध्ये सुरू झालेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पातून उभी राहिली, तिच्या केंद्रस्थानी असलेली प्रकरण माहिती प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूने मुक्त स्रोत तंत्रावर बांधली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या तिसऱ्या टप्प्यासाठी चार वर्षांत ७,२१० कोटी रुपयांची तरतूद झाली.

एवढ्या मोठ्या खर्चाच्या यंत्रणेत मराठी दाव्याचे काय होते, हा प्रश्न मात्र कोट्यवधींच्या आकड्यांपेक्षा जवळचा आहे. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ च्या शासकीय अधिसूचनेनंतर मराठी आहे, त्यामुळे कन्नडच्या न्यायालयात दिल्या जाणाऱ्या दाव्याचा मसुदा मराठीतच टंकलिखित होतो. पण न्यायालयांच्या आवारातील अनेक टंकलेखकांच्या संगणकांवर अजूनही युनिकोडपूर्व काळातील फॉन्ट आहेत. युनिकोड ही प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला जगभर एकच सांकेतिक क्रमांक देणारी पद्धती आहे. जुन्या फॉन्टमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून पडद्यावर ‘गट नंबर’ दिसत असले तरी संगणकाच्या लेखी ती निरर्थक इंग्रजी अक्षरांची ओळ असते. अशा फॉन्टमधून तयार झालेली पीडीएफ दिसायला निर्दोष असते, परंतु तिच्यात गट क्रमांक, पक्षकाराचे नाव किंवा कायद्याचे कलम शोधता येत नाही, तिचे यंत्राच्या साहाय्याने भाषांतर करता येत नाही आणि दृष्टिहीन वकिलाचे वाचनयंत्र ती वाचू शकत नाही. खंडपीठात इंग्रजीतून कामकाज चालते, तेथे कनिष्ठ न्यायालयाच्या मराठी अभिलेखाचे भाषांतर जोडावे लागते. तो अभिलेख युनिकोडमध्ये असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणलेल्या सुवाससारख्या भाषांतर साधनांना निदान पहिला मसुदा देता येण्याची शक्यता निर्माण होते. ई-फायलिंगच्या प्रशिक्षणात संकेतस्थळावरील बटणे दाखवण्यास जेवढा वेळ दिला जातो तेवढाच वेळ टंकलेखकांना युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक शिकवण्यास दिला, तर मराठवाड्यातील न्यायालयांचे कितीतरी मोठे काम होईल.

जुन्या दस्तऐवजांचा प्रश्न याहून नाजूक आहे. कन्नड तालुक्यासह सारा मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेथील न्यायालयांची आणि महसुलाची भाषा उर्दू होती, आणि जमिनीच्या वादात आजही उर्दूतील किंवा मोडीतील कागद, १९५० च्या दशकातील खासरा पत्रके आणि हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० खालील नोंदी मूळ हक्क दाखवण्यासाठी काढाव्या लागतात. घडीवर विरलेला, शाई पसरलेला असा कागद साध्या भ्रमणध्वनीने टिपून पीडीएफ केला की त्यातील शिक्का, हाशियातील शेरा आणि कागदाच्या मागच्या बाजूची नोंद नाहीशी होण्याचा धोका असतो, आणि कित्येकदा वादाचे उत्तर त्या मागच्या बाजूलाच असते. म्हणून असा दस्तऐवज दोन्ही बाजूंनी, रंगीत आणि पुरेशा सूक्ष्मतेने स्कॅन करणे, मूळ प्रत पक्षकाराने जपून ठेवणे आणि न्यायालयाने मागितल्यास ती हजर करणे ही काळजी वकिलाच्या कर्तव्याचा भाग मानली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक प्रतीबाबतची काळजी येथेच संपत नाही: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचा दोन भागांचा नमुना अनुसूचीत दिला आहे आणि त्यात हॅश मूल्य लिहावयाचे असते. हॅश मूल्य म्हणजे फाइलमधील सर्व आशयावरून गणिताने काढलेली अक्षरांकांची अशी ओळ, जी फाइलमधला एखादा बिंदू बदलला तरी बदलते. हे मूल्य काढणारी साधने विनामूल्य मिळतात आणि तालुक्याच्या वकिलाने ती वापरण्यास शिकणे आता ऐच्छिक राहिलेले नाही.

इलेक्ट्रॉनिक रूपात दाखल करण्याची वाट फौजदारी बाजूलाही खुली झाली आहे. देवगाव रंगारी येथे पोलीस ठाणे आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते, फक्त खबर देणाऱ्याने तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी केली पाहिजे.

महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांत ई-फायलिंग सक्तीचे करण्याच्या निर्णयाला २०२३ च्या आरंभी अनेक वकील संघांनी विरोध केला, तेव्हा त्या विरोधाकडे नव्याचा तिटकारा म्हणून पाहणे अन्यायाचे होते. वीज जाते, इंटरनेटचा वेग संध्याकाळी मंदावतो, सर्व्हर प्रतिसाद देत नाही, स्कॅनर व टोकनचा खर्च नवोदित वकिलाला पेलत नाही, आणि एवढे करूनही कागदी संच पुन्हा द्यावा लागतो, या तक्रारी वस्तुस्थितीला धरून होत्या. त्यांतील शेवटची तक्रार सर्वांत गंभीर आहे, कारण एकच दावा दोनदा दाखल करावा लागला तर छपाईचा खर्च, खेप आणि कारकुनाचा मेहनताना पक्षकाराच्याच माथी पडतो आणि त्यावर ऑनलाइन दाखल करून देणाऱ्याचे शुल्क वाढते. सिंगापूरने २००० साली ई-फायलिंग बंधनकारक करताना ज्यांच्याजवळ साधने नाहीत त्यांच्यासाठी सेवा केंद्रे चालवली; भारतात त्या जागी न्यायालयाच्या आवारातील ई-सेवा केंद्राची कल्पना आली, आणि नागपूरच्या न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्थेत ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते ‘न्याय कौशल’ हे देशातील पहिले ई-संसाधन केंद्र सुरू झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी असे केंद्र असणे आवश्यक आहे, पण कन्नड, वैजापूर, गंगापूर अशा तालुका न्यायालयांत ते दिवसभर उघडे असणे आणि तेथे मराठी युनिकोड जाणणारा माणूस बसलेला असणे त्याहून आवश्यक आहे, कारण सक्ती जेथे लागू होते तेथेच तिची सोयही असली पाहिजे.

पक्षकाराच्या बाजूने पाहता एक लहान सुधारणा आजच्या आज शक्य आहे. प्रणालीत पक्षकाराचा भ्रमणध्वनी क्रमांक नोंदलेला असेल तर प्रकरण दाखल झाल्याचा, नोंदणीचा आणि पुढच्या तारखेचा लघुसंदेश त्याला थेट जातो, आणि त्यासाठी स्मार्टफोन लागत नाही. परंतु फॉर्म भरताना पक्षकाराच्या क्रमांकाच्या रकान्यात वकिलाचा किंवा त्याच्या कारकुनाचा क्रमांक टाकला गेला, तर देवगावच्या शेतकऱ्याला आपल्याच दाव्याची तारीख विचारण्यासाठी पूर्वीसारखेच कन्नडला जावे लागते. छाननी करणाऱ्या कर्मचाऱ्याने वादीचा आणि त्याच्या वकिलाचा क्रमांक एकच आढळल्यास ती त्रुटी मानून हरकत नोंदवावी, पक्षकाराजवळ भ्रमणध्वनी नसेल तर तसे त्याच्या स्वाक्षरीने लिहून घ्यावे, आणि सीएनआर क्रमांक छापलेली पोच वकीलपत्राच्या प्रतीबरोबर त्याच्या हाती द्यावी, एवढी सूचना प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या कार्यालयातून एका परिपत्रकाने निघू शकते.