उठून उभी राहिली म्हणजे बरी झाली असे नव्हे



गेल्या महिन्यात माझी अकरा वर्षांची मुलगी घोड्यावरून पडली. खरे तर पडली ती घोडी, आणि तिच्यासोबत मुलगी. पेनसिल्व्हेनियातील आमच्या घराजवळच्या एका तबेल्यात ती दर शनिवारी घोडेस्वारी शिकते. त्या सकाळी ओल्या पानांवरून मेपल नावाच्या घोडीचा पाय घसरला, ती पुढच्या गुडघ्यांवर आली आणि कुशीवर कोसळली. मुलगी बाजूला फेकली गेली. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून खरचटण्यावर निभावले. ते हेल्मेट आम्ही टाकून दिले. एकदा आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरायचे नसते.

मी मुलीकडे धावलो. तेवढ्यात घोडी स्वतःच उठली, तिने अंग झाडले आणि कुंपणालगतचे गवत खाऊ लागली. मी म्हणालो, "चला, दोघीही बऱ्या आहेत." तबेल्यातील मोतद्दार मेक्सिकोतून आलेला, पन्नाशीचा, मितभाषी गृहस्थ. तो म्हणाला, "ती उठली, एवढेच आपल्याला दिसले. बरी आहे की नाही, हे दोन-तीन दिवसांनी कळेल."

पुढचे काही दिवस मी त्या वाक्याचा अर्थ शिकत होतो.

घोडा हा मुळात हिंस्र पशूंचे भक्ष्य असलेला प्राणी. लंगडणारे जनावर आधी हेरले जाते, म्हणून दुखणे लपविणे हा त्याचा स्वभावच झाला आहे. ते ओळखायचे तर चेहरा वाचावा लागतो. २०१४ साली संशोधकांनी घोड्याच्या वेदनेची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात सहा खुणा आहेत: ताठरून मागे वळलेले कान, आवळलेल्या पापण्या, डोळ्यावरच्या भागातील ताण, जबड्याचे आवळलेले स्नायू, घट्ट मिटलेले तोंड व त्यामुळे उठून दिसणारी हनुवटी, आणि ताणलेल्या नाकपुड्या.

मोतद्दाराने प्रथम खोगीर उतरवले. खोगिराच्या आतील सांगाडा पडताना तडकू शकतो आणि पुढे पाठीला इजा करतो, म्हणून ते तपासल्याशिवाय पुन्हा चढवायचे नसते. मग त्याने नाडी मोजली. विश्रांतीत असलेल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस असते. घाबरल्यामुळेही नाडी वाढते, म्हणून अर्ध्या तासाने ती पुन्हा मोजायची. हिरडी बोटाने दाबून सोडली तर दोन सेकंदांच्या आत तिचा गुलाबी रंग परतला पाहिजे. नाकातून वा कानातून रक्त येणे, मान एका बाजूला कलणे, चालताना झोकांड्या जाणे ही डोक्याच्या इजेची लक्षणे. विशेषतः घोडा मागे उलटून पडला असेल तर ती काही तासांनीही दिसू शकतात. आणि घोडा उठतच नसेल तर त्याला ओढून उठवू नये. पायांच्या बाजूला न जाता पाठीकडून जवळ जावे, त्याला शांत ठेवावे आणि पशुवैद्याला बोलवावे.

पायांची एवढी धास्ती का, हे आमच्याच राज्यातील एका घोड्याच्या कथेवरून कळते. बार्बारो या घोड्याने मे २००६ मध्ये केंटकी डर्बी जिंकली आणि दोनच आठवड्यांनी दुसऱ्या शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. मोडलेले हाड जुळू लागले. पण शरीराचा भार पेलून पेलून दुसऱ्या मागच्या पायाच्या खुराला लॅमिनायटिस हा दाहक आजार जडला. अखेर २९ जानेवारी २००७ रोजी त्याला वेदनामुक्त मरण द्यावे लागले. अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचे हे जनावर आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहू शकत नाही. म्हणून घोड्याचा दुखरा पाय जपताना धडक्या पायाकडेही रोज पाहावे लागते.

मेपलच्या उजव्या गुडघ्यावर बोटाच्या पेराएवढी जखम होती. मला ती क्षुल्लक वाटली. पशुवैद्य बाईंनी मात्र तिलाच सर्वाधिक वेळ दिला. मांसल भागावरच्या मोठ्या जखमेपेक्षा सांध्याजवळची लहान जखम अधिक धोक्याची, कारण जंतू सांध्यात शिरले तर पाय कायमचा निकामी होऊ शकतो. सुदैवाने जखम वरवरची निघाली. घोड्यांना धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून लसीची नोंद तपासली गेली. वेदनाशामक किती व केव्हा द्यायचे हे त्यांनीच ठरवले. आपल्या मनाने ते दिले तर दुखणे झाकले जाते आणि पोटालाही अपाय होतो. डावा घोटा सुजला होता. त्यावर दिवसातून तीनदा वीस मिनिटे गार पाणी सोडायचे, घोडीला ठाणावरच ठेवायचे, चंदी कमी करून सुके गवत द्यायचे, पाणी किती पिते आणि लीद किती टाकते हे लिहून ठेवायचे. हालचाल थांबली की घोड्याला पोटशूळाचे भय असते.

बंद पडलेली प्रणाली पुन्हा सुरू झाली म्हणजे दोष गेला, असे आम्ही संगणक अभियंतेही मानत नाही. नोंदवही मला पटली. पटले नाही ते दुसरेच. मुलगी म्हणाली, "बाबा, शाळा सुटल्यावर मी रोज येईन. लीद मीच काढीन."

माझ्या तोंडून पटकन "नाही" निघाले.

गावी येणाऱ्या सरकारी अंमलदाराच्या घोड्याचे चारापाणी करणे हे माझ्या पणजोबांच्या वतनी कामांपैकी एक होते. घोड्याची सेवा त्यांनी करायची. त्यावर बसायचे दुसऱ्याने. घोड्यावरून वरात काढली म्हणून नवरदेवाला मारहाण झाल्याच्या बातम्या भारतातून आजही येतात. माझी मुलगी खोगिरावर बसते याचा मला अभिमान होता. तिच्या हातात लीद काढण्याचे फावडे मला पाहवत नव्हते.

तिने विचारले, "मग ते काका रोज काढतात, ते चालते का?"

मला उत्तर देता आले नाही. आपल्या माणसांनी ती कामे सोडली, कारण ती जन्माने लादलेली होती आणि त्यांत नकार देण्याची मुभा नव्हती. लीद काढणाऱ्याला कमी लेखायचे, हे त्यातून आपण शिकलो असू तर चुकीचा धडा शिकलो. जिच्या पाठीवर आपण बसतो, ती पडल्यावर तिच्या ठाणावर जाणे हे मुलीने स्वतः निवडले होते. मी तिला जाऊ दिले आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःही गेलो.

चौथ्या दिवशी नागपूरहून वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. मी तबेल्यातच होतो. नात घोडीच्या पायावर पाणी सोडताना त्यांनी पाहिली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, आता रागावतील.

मग म्हणाले, "पोरीला सांग, पाणी झाल्यावर टाचेची खोबण नीट कोरडी कर. ओली राहिली की भेगा पडतात. माझे आजोबा सांगायचे."

मी ते मोतद्दाराला सांगितले. त्याने हसून फडके मुलीच्या हाती दिले. "बरोबर आहे. तुमच्या घरात कुणी घोडे सांभाळत होते का?"

"हो," मी म्हणालो, "माझे पणजोबा." परक्या माणसासमोर हे वाक्य मी प्रथमच मान वर करून उच्चारले.

दहाव्या दिवशी सूज उतरली. पशुवैद्य बाईंनी मेपलला कठीण जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालवून पाहिले. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा डोके वर झटकतो. तिचे डोके स्थिर होते. आता मुलगी रोज दहा मिनिटे तिला हाताने धरून फिरवते. खोगीर अजून खुंटीवरच आहे.