आत्तीची ट्रंक आणि आपली हौस

महिला दिनाच्या आधीची गोष्ट. कार्यक्रम ठरवायला आमच्या मंडळाची बैठक राधानगरीत भरली होती. कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी सुचवलं, "यंदा सगळ्यांनी आईचं नाहीतर आजीचं जुनं लुगडं नेसून यायचं. 'विंटेज' म्हणतात त्याला. फोटोही छान येतील."

मला ते लगेच पटलं. खरं सांगायचं तर मी स्वतःच या हौसेतली आहे. गेली वीस वर्षं मी जुनी लुगडी जमवते. आईची दोन इरकली, मावशीची काळी चंद्रकळा, कुणाच्या तरी लग्नात मानाचं आलेलं एक करवतकाठी, खणाच्या चार चोळ्या. आमच्याकडचा पाऊस असा की चार महिने ट्रंकेतल्या कापडाला बुरशी धरते. दसऱ्याच्या सुमारास मी सगळं बाहेर काढते, ऊन देते, घडी बदलते आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून परत ठेवते. सणाला, सभेला त्यातलं एखादं नेसते. नव्या साडीकडे कुणी बघत नाही, पण जुनं लुगडं नेसलं की चार बायका काठाला हात लावून बघतात. मला ते आवडतं, उगाच कशाला लपवू?

कार्यक्रमाला नेसायला म्हणून मी आत्तीकडे गेले. आत्ती आता पंचाहत्तरीला आली. तिच्या ट्रंकेत एक हिरवं इरकली आहे हे मला लहानपणापासून ठाऊक. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा डोहाळजेवणासाठी तिच्या मालकांनी कोल्हापुरातून, महाद्वार रोडवरून आणलेलं. ते तिनं तीन-चार वेळाच नेसलं असेल. १९७७ साली मालक गेले. आत्ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. त्या दिवसापासून हिरवं बंद, कुंकू बंद, चुडा बंद, लग्नकार्यात पुढं होणं बंद. नेसायला मळखाऊ रंगाची लुगडी. पण ते हिरवं लुगडं तिनं कुणाला दिलं नाही.

मी मागितल्यावर तिनं ट्रंक उघडली. म्हणाली, "ने की. तुला चांगलं दिसंल. मला काय करायचंय आता?"

मी म्हटलं, "आत्ती, तूच नेस की त्या दिवशी. तुझंच आहे."

तर ती हसायला लागली. "येडी का काय तू? तुम्हास्नी जुनं नेसायची हौस. माझं ते नवंच ऱ्हायलंय की गं."

मी ते लुगडं न घेताच परत आले. माझ्या वीस वर्षांच्या हौसेत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. जुनं कापड हौसेनं नेसायची मुभा नक्की कुणाला असते?

पुढच्या बैठकीत मी हे सांगितलं. तेव्हा धनगरवाड्यावरून येणारी एक मैत्रीण म्हणाली, "मागच्या येळी मी गप बसले. आमच्या आजीला दोनच लुगडी. एक अंगावर, एक दांडीवर. मी काय नेसून येऊ?" खरंच होतं तिचं. ज्या घरात चार लुगडी जास्तीची होती आणि ठेवायला कोरडी जागा होती, त्याच घरातलं लुगडं आज 'जुनं' म्हणून उरलंय. बाकीच्यांचं वापरूनच संपलं. कसं संपलं ते आपल्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलंय. लुगडं मधे विरलं की तेवढा भाग काढून दोन धड तुकडे जोडायचे, म्हणजे दंड घालायचा. दंडाचंही फाटलं की धडप्यावर भागवायचं. मग त्याची बाळंती, दुपटी. मग वाकळेत एक थर. उरलेल्या चिंध्या महिन्याच्या त्या चार दिवसांना, नाहीतर चुलीवरचं भांडं उतरवायला. त्यातून काही बरं राहिलंच, तर बोहारीण एखादं पातेलं देऊन घेऊन जायची. जरीचं असेल तर जर गाळण्यासाठी घेणारे यायचे. लुगडं जाळून चांदी काढायची आणि बाईच्या हातात थोडे पैसे ठेवायचे. अडल्या वेळी कितीतरी बायकांनी लग्नातलं लुगडं असं दिलंय.

म्हणजे 'आमच्या घराण्याचं जुनं वैभव' म्हणून आपण जे मिरवतो, त्यात घराण्यापेक्षा त्या बाईची काटकसर जास्त असते. आणि दुसऱ्या बाईची वाकळ हासुद्धा तितकाच मोठा ठेवा आहे. तो फोटोत कुणी धरत नाही, एवढंच.

लुगडं कुणी नेसलं हे निदान घरात आठवतं. ते कुणी विणलं हे तर आपण विचारतही नाही. इरकली म्हणजे कर्नाटकातल्या इलकलचं. अंगाचा ताणा बहुतेक सुती, पदराचा ताणा रेशमी, आणि दोन्ही ताणे फासात फास अडकवून जोडलेले. जुनं लुगडं उजेडात धरलं तर तो जोड दिसतो. मागावर बसणारा विणकर म्हणून ओळखला जातो. पण सूत उकलणं, कांड्या भरणं, ताण्याची तयारी ही कामं घरातल्या बायका-पोरींनी करायची आणि ती 'घरकाम' म्हणून खपायची, ही हातमागाची सगळीकडचीच रीत आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपल्याकडे केवढा संताप झाला! तो रास्तच होता. या चपलांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण कातडं कमावणाऱ्या आणि चपला शिवणाऱ्या जातींना आपण गावात कुठं बसवलं होतं आणि त्या घरातल्या बायकांच्या हातकामाला काय मोल दिलं, हे त्या संतापात कितीजणांना आठवलं?

जातीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते. आजकाल शहरातल्या दुकानांत जुन्या घडणीचे ठसठशीत दागिने मिळतात. हातातले जाड गोठ, पायातले वाळे, गळाभर माळा. मीही एकदा हौसेनं असे वाळे घेतले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषदेसाठी जमलेल्या बायकांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं होतं, की लुगडं वरच्या जातीच्या बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसा आणि ज्यावरून तुमची जात ओळखू येते ते जाडजूड दागिने टाकून द्या. कितीतरी बायकांनी तिथल्या मुक्कामातच लुगड्याची नेसण बदलली. त्यांच्या दृष्टीनं जुनं टाकणं हीच मुक्ती होती. त्यांनी जे अपमानाची खूण म्हणून टाकलं, ते आज मी शोभेची वस्तू म्हणून घालते. घालू नये असं मी म्हणत नाही. पण माझ्या पायात ते शोभतं याचं कारण, माझ्यावर ते कधी कुणी लादलं नव्हतं. एवढं तरी ते घालताना मला माहीत असायला हवं.

२०१९ च्या महापुरात आम्ही काहीजणी शिरोळ भागात मदतीचं सामान निवडायला गेलो होतो. जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. फाटके झंपर, विटलेल्या साड्या, घाम न धुतलेले शर्ट. माणसांनी कपाटं रिकामी केली होती म्हणा ना. दोन दिवस आम्ही फक्त टाकायचं आणि ठेवायचं वेगळं करत होतो. नवे परकर आणि पॅड मात्र मागून मागून मिळत नव्हते. घर पाण्यात गेलेली एक बाई ढिगाकडे बघून म्हणाली, "घर गेलंय आमचं, पर दुसऱ्याचं उतरलेलं नेसायची पाळी नगं." तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मालकिणीचं उतरलेलं लुगडंच आलं असेल, तर जुनं कापड तिच्या अंगाला टोचणारच. तिकडं युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी टाकलेल्या लोकरी कपड्यांचे गठ्ठे पानिपतला येतात, ते पिंजून त्यांची स्वस्त ब्लँकेटं होतात आणि मदत म्हणून वाटली जातात. त्याच गठ्ठ्यातला एखादा बरा कोट शहरातल्या दुकानात 'विंटेज' म्हणून चढ्या दरानं विकला जाऊ शकतो. कापड तेच असतं. निवडून घेतलं की फॅशन होते आणि नाइलाजानं घातलं की गरिबी दिसते.

त्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांना तसंच करायला सांगितलं. आपल्या जिल्ह्याला याचा अभिमान वाटायला हवा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ सालीच कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता. पण कायदा झाला, ठराव झाला, तरी आत्तीची ट्रंक काही उघडली नाही. कारण नव्या विधवेच्या बांगड्या वाचवायचा विचार आपण केला, पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ज्यांच्या फोडल्या त्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही. गावात अशा किती ट्रंका असतील!

मैत्रिणींनो, मी जुनी लुगडी जमवायचं सोडलेलं नाही आणि तुम्हीही सोडू नका. टिकाऊ कापड फेकून दर महिन्याला नवं घेण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. शिवलेली तयार नऊवारी चढवून, फेटा बांधून 'आपली संस्कृती' म्हणून मिरवणुकीत फिरण्यापेक्षाही चांगलं. कारण तिथं फक्त नटलेल्या सवाष्णीला जागा असते. माझं म्हणणं एवढंच की लुगड्याबरोबर त्याची हकिगतही घ्या. ते कुणाचं, कधी आलं, कुणी किती वेळा नेसलं, कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून बंद झालं, हे एका वहीत लिहून ठेवा. आणि ती बाई हयात असेल, तर ते नेसण्याचा पहिला हक्क तिचा. तिला आधी विचारा.

आमचा कार्यक्रम मग थोडा बदलला. ज्यांना लुगडं नेसायचं होतं त्या नेसून आल्या. बाकीच्यांनी वाकळी आणल्या. धनगरवाड्यावरच्या मैत्रिणीनं तिची वाकळ पसरली आणि कुठला तुकडा कुणाचा ते सांगितलं. एक आजीच्या लुगड्याचा, एक आईच्या झंपराचा, एक वारलेल्या भावाच्या सदऱ्याचा. सगळ्या सभेनं तेच सगळ्यात जास्त वेळ ऐकलं.

आत्तीही आली होती. ती तिचं नेहमीचंच लुगडं नेसून आली. हिरवं पिशवीत घालून आणलं होतं, ते मांडीवर ठेवून बसली आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला ते कुठून, कितीला आणलं ते सांगत होती. एका मुलीनं तिला हिरव्या बांगड्या भरू का म्हणून विचारलं. आत्ती नको म्हणाली. पन्नास वर्षं बसलेली भीती एका कार्यक्रमात जाणार नाही, आणि तिच्यावर जोर करणं मलाही बरं वाटलं नाही. पण निघताना ती म्हणाली, "एवढ्या बायका नेसत असल्या तर एखादी येळ बघू."

'एवढ्या बायका' हे तिनं आपल्यासाठीच सांगितलंय. एकटीनं नेसायला ती धजणार नाही. तुमच्या मंडळात, बचत गटात अशा आत्या, काकू, मावश्या असतीलच. पुढच्या कार्यक्रमाच्या आधी त्यांच्या ट्रंकांची चौकशी करा, आणि त्या नेसणार असतील तर त्यांच्या शेजारी बसायला चार-दोघीजणी ठरवून जा.