पैसा कुणाच्या गल्ल्यात?



मोर्चाची तारीख तुम्हाला पाठ असते. घरातला किराणा कुठून येतो, हे मात्र बैठकीत कुणी विचारत नाही. या खेपेला मी तेच विचारणार आहे, आणि धानोऱ्यातून विचारणार आहे. शहरात जात मॉलच्या काचेआड बसते. इथल्या बाजारात ती उघडी बसलेली दिसते.

तागडीची ताकद सवर्णांना आपल्या आधी कळली. मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब होते. तिच्या १९३०च्या अहवालात गावोगावच्या सामाजिक बहिष्काराचं वर्णन आहे. अस्पृश्याने हक्क मागितला की मजुरी बंद, वाट बंद, वाण्याचं दुकान बंद. लाठीसुद्धा उचलावी लागत नाही. मीठ तोडलं की माणूस आपोआप वाकतो, हा त्यांचा हिशेब. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा लागू व्हायला २०१७ साल उजाडलं.

उलट्या बाजूचा बहिष्कार मात्र कायद्याच्या हाती लागणं कठीण. ते आपल्याकडून विकत घेत नाहीत, बस्स! परदेशातून अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअरच्या व्यवहाराचा सल्ला देण्याचा धंदा काढला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. धंदा बसला. जिथे कोलंबियाची डिग्री टिकली नाही तिथे आमच्या वस्तीतल्या पोराची भज्यांची गाडी काय टिकणार?

बौद्ध पोराने पंक्चरचं दुकान टाकलं तर चालतं. मोबाइल दुरुस्तीचं टाकलं तरी चालतं. रबराला विटाळ नाही. त्यानेच चहाची टपरी टाकली की हळूच प्रश्न येतो, "कोनाचा होय बाप्पा हा?" आडनाव कळलं की गिऱ्हाईक पुढच्या टपरीवर. धान पाखडायला बुरडाचं सूप चालतं, लग्नाला बुरडाची परडी चालते, बुरडाच्या घरचं पाणी चालत नाही. मुंबईच्या गिरण्यांतही हेच होतं. विणकाम खात्यात धागा तोंडाने ओढावा लागायचा, म्हणून आपल्या माणसाला त्या खात्यात घेत नसत. आणि विदर्भातले कितीतरी महार तर पिढ्यान् पिढ्या विणकर! १८७७ला नागपुरात एम्प्रेस मिल उभी राहिली, गिरणीच्या कापडाने हातमाग खाल्ला, विणकराची पोरं गिरणीत मजूर झाली.

आता आपल्याकडे वळू. इथे जरा झोंबेल.

पहिल्या तारखेला पगार झाला की आपला नोकरदार भाऊ गाडी काढतो आणि गडचिरोलीच्या मोठ्या दुकानात नोटा मोजतो. महिनाअखेर हात आटला की वस्तीतल्या दुकानात येतो, "लिहून ठेव ना गा." शेटला रोख, भावाला उधारी. वरून "आपलाच आहेस, दोन रुपये कमी कर." मॉलमध्ये कधी भाव केलात का रे? बाजारात चारोळी, मोहफुलं घेऊन बसलेल्या गोंड बाईशी मात्र पाच रुपयांसाठी अर्धा तास. असा गडी मग संध्याकाळी भांडवलशाहीवर भाषण देतो. मला त्याचं भाषण ऐकवत नाही.

बरं, सवय आपल्याला नाही असंही नाही. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर आपण पिशव्या भरून पुस्तकं नेतो. बहुतेक लिहिणारा आपला, विकणारा आपला. मग ही अक्कल वर्षातून दोनदाच का सुचते?

अमेरिकेतल्या काळ्यांनी हे रोजच्या पावापर्यंत नेलं. ३ एप्रिल १९६८ला मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसमध्ये बोलले. संप होता सफाई कामगारांचा, म्हणजे आपल्याच जातभाईंचा म्हणा. किंगने लोकांना सांगितलं, कोका-कोला घेऊ नका, अमुक कंपनीचं दूध नको, तमुक कंपनीचा पाव नको, आणि पैसे काळ्यांच्या ट्राय-स्टेट बँकेत ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यांना गोळी घातली. त्याआधी १९२१ला तल्सा शहरातली काळ्यांची भरभराटलेली पेठ गोऱ्या झुंडीने जाळली होती. आपलं दुकान चाललं की त्यांना दुखतं, ते तिकडेही आणि इकडेही.

एवढ्या लांब कशाला, धानोऱ्याला लागून मेंढा (लेखा) आहे. इथल्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं कागद कारखान्याकडे गेला, गोंडाच्या वाट्याला तोडीची मजुरी. २००९ला ग्रामसभेने वनहक्क कायद्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. २०११ला वाहतूक परवान्याचं पुस्तक हातात घेतलं आणि आपला बांबू आपण विकायला काढला. भाव गाव ठरवू लागलं. दलित-आदिवासी एकजूट म्हणून आपण घसा कोरडा करतो, त्या एकजुटीने कधी या ग्रामसभांकडून काही विकत घेतलंय का?

कॉम्रेड म्हणतील, तू दलित शेटजी घडवायला निघालास. २००५ला पुण्यात दलित उद्योजकांची 'डिक्की' निघाली. तिथल्या कोट्यधीशांचे सत्कार पाहून माझं ऊर भरून येत नाही. मालक आपला असला आणि मजुराची मजुरी बुडवत असला तर त्याच्याही दारात घोषणा द्यायच्या. पण टपरीवाला, बुरड, शिलाई मशीनवाली बाई यांना शेटजी म्हणणं ही निव्वळ पुस्तकी मस्ती आहे. त्यांचं दुकान बुडालं तर ते त्याच शेटच्या उधारीत जाणार. आणि आपल्या माणसाच्या हातचा चहा भर चौकात पिणं, चार लोकांना पाजणं, ही विटाळावर मारलेली लाथच आहे.

२०१२ला केंद्राने धोरण केलं की त्याच्या खात्यांनी नि कंपन्यांनी ४ टक्के खरेदी दलित-आदिवासींच्या छोट्या उद्योगांकडून करावी. ते ४ टक्के काही गाठले जात नाहीत. सरकारला जाब विचारूच. पण तुमच्या-माझ्या पगारातले ४ टक्के तरी तिकडे जातात का?

प्रत्येक शाखेने १४ एप्रिलच्या वर्गणीचा हिशेब काढावा. मंडप कुणाचा, लाउडस्पीकर कुणाचा, निळं कापड कुठून आणलं, बुंदी कुणी तळली, बॅनर कुठे छापला, बैठकीचा चहा कुठल्या टपरीवरून येतो. शेजारी घरच्या किराण्याचा एक महिना लिहा, रोख कुठे आणि उधारी कुठे तेही लिहा. पुढच्या बैठकीला बिलं घेऊन या.