जुन्या मोटारीच्या काचेवर एक मराठी कागद हवा
(परिवहन आयुक्तांना अनावृत पत्र)

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, यांस



वाघोली, तळेगाव, लोणी काळभोर अशा पुण्याच्या परिघावरील गावांत गेल्या काही दशकांत जी महाविद्यालये उभी राहिली, त्यांच्या आवारांत विद्यार्थ्यांनी घेतलेल्या जुन्या मोटारी आज जागोजागी दिसतात, आणि त्यांकडे बोट दाखवून तरुणांच्या चैनीबद्दल हळहळणारी माणसेही भेटतात. परंतु ज्या मुलाला तास संपल्यावर शहरात जाऊन चार तास नोकरी करावयाची आहे आणि रात्री बस मिळत नाही अशा वाटेने खोलीवर परतावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने वडिलांनी पतसंस्थेतून काढून दिलेल्या रकमेत येणारी दहा वर्षांची वॅगनआर ही चैन नसून गरज आहे, हे अध्यापक म्हणून अशा मुलांत दीर्घकाळ वावरल्यामुळे मी खात्रीपूर्वक सांगू शकतो. या गरजेपायी तो डीलरच्या दारात जातो, आणि तेथे जे घडते त्याविषयी आपणांस लिहिणे मला अगत्याचे वाटते.

१८७२ च्या करार अधिनियमाच्या दृष्टीने वयाची अठरा वर्षे पुरी झालेल्या मनुष्याची सही त्याला पूर्णपणे बांधून टाकते. पण आरसीवर बँकेचा बोजा कोठे दिसतो, हस्तांतराचा नमुना २९ कोणी भरावयाचा आणि नमुना ३० कोणी, हे त्याला कोणत्याही इयत्तेत शिकविलेले नसते. माझ्या एका विद्यार्थ्याने इसार म्हणून काही हजार रुपये रोख दिले. पावतीवर मोटारीचा क्रमांक होता, मात्र सौदा फिसकटल्यास इसार परत मिळेल की नाही याविषयी अक्षरही नव्हते. उरलेली रक्कम चुकती झाल्यावर किल्लीबरोबर त्याच्या हाती मूळ मालकाने सही केलेले, परंतु बाकीचे सर्व रकाने कोरे असलेले कागद आले, आणि गाडी लवकरच नावावर होईल हे आश्वासन तोंडीच राहिले. पुढे कळले की मूळ मालकाचे कर्ज फिटले असले, तरी बोजा उतरविण्यासाठी लागणारा नमुना ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र कोणी मागितलेच नव्हते. सत्र संपेपर्यंत तो मुलगा कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याच्या मोटारीत फिरत होता. या अवधीत अपघात होता, तर तिऱ्हाइताच्या भरपाईची तजवीज मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १५७ मध्ये आहे. त्याच्या स्वतःच्या मोटारीचे नुकसान मात्र, पॉलिसी त्याच्या नावावर नसल्यामुळे, त्यालाच सोसावे लागले असते. त्या डीलरविरुद्ध फिर्याद म्हणून मी हे सांगत नाही. तो बाजाराच्या रिवाजाप्रमाणे वागला, आणि माझी तक्रार त्या रिवाजाविषयी आहे.

कायद्याने या व्यवहाराकडे पाहिलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर कळवावे, असे १९८८ च्या याच मोटार वाहन अधिनियमातील कलम ५० सांगतेच. तरीही मोटार अनेक हातांतून गेली आणि दप्तरी नाव मात्र पहिल्याच मालकाचे राहिले, अशा एका प्रकरणात अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात दिला. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून तिचा अंमल सुरू झाला: जुन्या मोटारींच्या डीलरने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून पाच वर्षांचे अधिकारपत्र घ्यावे, मालकाने मोटार त्याच्या ताब्यात दिल्याचे नमुना २९-सी मध्ये कळवावे, त्यानंतर डीलर हाच मानीव मालक समजला जावा, आणि त्याच्याकडे असताना ती मोटार कोणत्या कामासाठी किती धावली याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही त्याने ठेवावी. ही तरतूद मी मनापासून स्तुत्य मानतो. परंतु ती लक्षपूर्वक वाचली असता असे दिसते की तिने विकणाऱ्याची धास्ती दूर केली आहे. घेणाऱ्याला मोटारीचे पूर्वायुष्य सांगण्याचे बंधन तिने डीलरवर घातलेले नाही.

आणि जुन्या मोटारीच्या बाबतीत पूर्वायुष्य हेच सर्वस्व असते. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात मोटारी छतापर्यंत पाण्यात बुडाल्या. अशी मोटार दुरुस्तीच्या पलीकडे गेली, तर त्याच अधिनियमाच्या कलम ५५ अन्वये तिची नोंदणी रद्द व्हावयास हवी, पण भंगाराच्या भावाने विकली गेलेली मोटार रंग आणि नवी आसने लेवून दूरच्या शहरात पुन्हा उभी राहू शकते. जाणता मेकॅनिक आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते पाहतो, स्टेपनीच्या खळग्यातील गालिचा उचलतो, चासी क्रमांकाच्या पत्र्यावरून बोट फिरवितो, आणि मीटरवरील किलोमीटरांचा आकडा सर्व्हिसिंगच्या जुन्या बिलांशी ताडून पाहतो, कारण मीटर मागे फिरविता येतो हे त्याला ठाऊक असते. एकोणीस वर्षांचा विद्यार्थी यांतले काहीच करीत नाही. तो टेप वाजवून पाहतो, एसी थंड होतो का ते पाहतो, आणि डीलरच्या सौजन्यावर विश्वास ठेवतो. विश्वास ठेवणे हा त्या वयाचा स्वभाव आहे आणि तो तसाच राहावा अशी माझी इच्छा आहे, म्हणूनच सावधगिरीचा सारा भार त्याच्यावर टाकणारी व्यवस्था मला सदोष वाटते. विकणाऱ्याला मालाचा गुण ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात, अशा बाजारातून चांगला माल हळूहळू हद्दपार होतो, हा सिद्धान्त अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली मांडला, तो जुन्या मोटारींच्याच उदाहरणावर. प्रामाणिक डीलरचेही यात अकल्याण आहे. त्याच्या चांगल्या मोटारीला शंकेचा भाव मिळतो.

अमेरिकेत मीटर फिरविण्यास १९७२ च्या संघीय कायद्याने बंदी आहे, आणि १९८५ पासून तेथील डीलरला विक्रीस ठेवलेल्या प्रत्येक जुन्या मोटारीवर एक छापील पत्रक लावावे लागते. मोटारीला हमी आहे की ती आहे त्या स्थितीत विकली जात आहे हे त्यावर स्पष्ट लिहिलेले असते, तोंडी आश्वासने लेखी मागून घ्या, स्वतःच्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्या, असेही त्यावर छापलेले असते. आणि व्यवहार स्पॅनिश भाषेत होत असेल तर पत्रकही स्पॅनिशमध्ये असावे लागते. ही शेवटची अट मला फार महत्त्वाची वाटते. १९६४ साली राजभाषा अधिनियम करणाऱ्या आपल्या राज्यात परभणीहून आलेला मुलगा डीलरशी मराठीत बोलतो, मराठीत घासाघीस करतो, आणि सही मात्र बहुधा इंग्रजी मजकुराखाली करतो.

तेव्हा माझी विनंती एकच आहे. डीलरला अधिकारपत्र देणारी कार्यालये आपल्या अखत्यारीत आहेत. त्यांच्यामार्फत प्रत्येक डीलरला असा हुकूम व्हावा, की विक्रीस ठेवलेल्या प्रत्येक मोटारीच्या पुढील काचेवर त्याने सही-शिक्क्यानिशी एक मराठी पत्रक लावावे: मोटार ताब्यात आली त्या दिवशीचा मीटरचा आकडा, आजवरचे मालक किती, बोजा आहे की उतरला, चालान थकलेले आहे काय, विम्याचा मोठा दावा किंवा पाण्यात बुडाल्याची हकिगत डीलरला माहीत आहे काय, नावावर करून देण्याची मुदत कोणती आणि ती चुकल्यास इसारासह रक्कम परत मिळेल काय. यांतला बराचसा तपशील वाहननोंदणीच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत आणि डीलरच्या नोंदवहीत आजही असतो, म्हणून त्याच्यावर यामुळे अवजड ओझे पडेल असे नाही. विक्रीच्या वेळी याच पत्रकाची प्रत खरेदीदाराला मिळाली, तर पुढे जिल्हा ग्राहक आयोगासमोर उभे राहताना त्याच्या हाती तोंडी शब्दांऐवजी दस्तऐवज असेल. यासाठी केंद्रीय नियमांतच बदल लागतो असे आपल्या विधी सल्लागारांचे मत पडले, तर तसा प्रस्ताव महाराष्ट्राकडून दिल्लीस जावा. तोवर आपल्या प्रत्येक परिवहन कार्यालयाने अधिकारपत्र असलेल्या डीलरांची नावे दर्शनी फलकावर लावली, तरी पुष्कळ काम होईल.

पत्रकाचा मसुदा सोप्या मराठीत तयार करण्याचे काम आपण सोपविल्यास ते मी आनंदाने करीन, आणि तो मसुदा प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून वाचून घेऊन, जेथे ते अडखळतील तेथे बदलून, मगच आपल्या कार्यालयास रुजू करीन.

कळावे,

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक
पुणे